कर एकाचा, खर्च दुसऱ्याचा

डॉ. आंबेडकरांचा ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थकारणाच्या उत्क्रांतीवरील इंग्रजी ग्रंथ १९२५ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. कोष्टकांच्या गर्दीने तो रूक्ष झाला आहे, हे खरे. परंतु त्यातील मर्म बिनतोड आहे. १८३३ च्या कायद्याने सारी तिजोरी मध्यवर्ती सरकारच्या हाती गेली. कर एकाने बसवावयाचा आणि खर्च दुसऱ्याने करावयाचा. मग काटकसर कोणी करावी?

हाच प्रश्न नव्या वेषात पाहावयाचा असल्यास नाशिकजवळील एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात जळणाऱ्या कोळशाकडे पाहावे. कोळशावर २०१० साली टनामागे ५० रुपयांचा उपकर बसला, तो स्वच्छ ऊर्जेच्या नावाने. २०१६ साली तो ४०० रुपयांवर गेला. २०१७ साली वस्तू व सेवा कर येताच हे उत्पन्न राज्यांच्या नुकसानभरपाईकडे वळले. (स्वच्छ ऊर्जेचे पुढे काय झाले, हे विचारण्याचे भान कोणास राहिले?) २०२० साली महामारीमुळे ही भरपाई अपुरी पडली, तेव्हा कर्ज कोणी काढावे यावर केंद्र व राज्ये यांचा वाद जुंपला. अखेर केंद्राने दोन वर्षांत सुमारे २.६९ लाख कोटी रुपये उभारून राज्यांना दिले. मौज अशी की, कर्ज उभारले केंद्राने, परंतु ते मांडले गेले राज्यांच्या जमेत. केंद्राच्या तुटीत त्याची गणना नाही! फेड मात्र उपकरातूनच व्हावयाची होती.

२२ सप्टेंबर २०२५ रोजी कोळशावरील उपकर उठला. त्याच दिवशी कोळशावरील कर ५ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. प्रस्तुत ग्रंथ दोन सरकारांमधील वाटणी उत्कृष्ट रीतीने उलगडतो. नाव पालटीत जाणाऱ्या कराचा असा माग काढणारा ग्रंथ मराठीत कोणी लिहील काय?