पीटरची मराठी ओवी

१६२९मध्ये दौलताबादच्या किल्ल्यात लखुजी जाधवांची हत्या झाली, हे बुलढाणा जिल्ह्यातल्या पोरांना सांगावं लागत नाही. सिंदखेडराजाला त्यांची समाधी आहे. त्याच वर्षी गोव्यात एक मराठी पुस्तक छापलं गेलं, हे मात्र सहसा कुणी सांगत नाही. विषय होता संत पीटर, म्हणजे येशूचा शिष्य आणि कॅथलिक परंपरेनुसार पहिला पोप.

लेखक एतियेन द ला क्रुआ, फ्रेंच जेझुइट. पुस्तक ओव्यांत, पण लिपी रोमन; देवनागरी खिळे गोव्याच्या छापखान्यात नव्हते. अभ्यासक त्याला ‘पीटर पुराण’ म्हणतात. थॉमस स्टीफन्सचं ‘ख्रिस्तपुराण’ (१६१६) निदान ऐकून तरी माहीत असतं. याच्या वाट्याला तेवढंही आलं नाही.

त्याचं एक कारण पोर्तुगीज शीर्षकातच सापडतं. पीटरच्या जीवनावरच्या या प्रवचनांत इकडच्या मूर्तिपूजकांच्या मुख्य चुकांचं खंडन आहे, असं ते सरळ सांगतं. ओवी आपली आणि मारा आपल्याच देवांवर!

माझा आक्षेप मात्र पीटरच्या बाजूने आहे. पीटर हा साधा मासेमार, वारंवार चुकणारा शिष्य. गुरूला अटक होते त्या रात्री तो तीनदा ओळख नाकारतो. कोंबडा आरवतो आणि तो ढसाढसा रडतो. पुढे रोममध्ये, परंपरा सांगते, गुरूसारखं मरण्याची आपली लायकी नाही म्हणून तो स्वतःला क्रुसावर उलटं टांगून घेतो. आपलं उणेपण देवापुढे मांडणाऱ्या संतांची मराठी श्रोत्याला जुनी ओळख होती. ही कथा त्याला नुसती सांगितली असती तरी भिडली असती. ज्याची स्वतःची श्रद्धा एका रात्रीत तीनदा डगमगली, त्याच्या नावाने दुसऱ्याच्या श्रद्धेच्या चुका मोजणं हा पीटरवरच अन्याय आहे.

मग पुस्तक टाकून द्यायचं? नाही. खंडन करायलाही क्रुआला आधी आपली भाषा शिकावी लागली, ओवी कानात बसवावी लागली. १६८४मध्ये पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेच्या वापरावरच बंदीचा हुकूम काढला. क्रुआ निदान आपल्याशी आपल्या भाषेत भांडत होता; नंतर भांडायलाही भाषा नको झाली.

म्हणून हे पुस्तक चिडत चिडत का होईना, वाचायला हवं. १६२९ म्हटल्यावर दौलताबाद आठवावंच. सोबत गोव्याचा तो छापखानाही आठवावा.