हॉलिस्टरचें छायाचित्र : एका साधनाची चिकित्सा

दुसऱ्या महायुद्धांतून परतलेल्या सैनिकांनीं अमेरिकेंत मोटारसायकलस्वारांचीं जीं मंडळें स्थापिलीं, त्यांचा वृत्तांत बहुधा एका छायाचित्रापासून सुरू होतो. त्या छायाचित्राचें प्रामाण्य किती, याचा विचार येथें कर्तव्य आहे.

निर्विवाद गोष्टी अशा: १९४६ सालीं कॅलिफोर्नियांत ‘बूझफायटर्स’ हें मंडळ निघालें. त्याचा प्रमुख संस्थापक विली फोर्कनर युद्धांत बाँबफेकी विमानावर मशीनगन चालवीत असे. १९४७ च्या जुलैच्या आरंभीं हॉलिस्टर येथील शर्यतींच्या मेळ्यास हजारों स्वार जमले. त्यांत हें मंडळही होतें. मद्यपान झालें, भर रस्त्यांत गाड्या पिटाळल्या गेल्या, कित्येकांस अटकही झाली. हें नाकारण्याचें कारण नाहीं. २१ जुलैच्या ‘लाइफ’ साप्ताहिकानें रिकाम्या बाटल्यांच्या राशींत मोटारसायकलवर बसलेल्या एका मद्यप्याचें पानभर चित्र छापलें. तें बार्नी पीटरसन या वृत्तपत्रीय छायाचित्रकाराचें होतें.

चित्र समकालीन, म्हणून तें विश्वसनीय, असा युक्तिवाद होतो. आम्हांस तो मान्य नाहीं. अस्सल कागदावरही खोटा मजकूर असूं शकतो. चित्राच्या पार्श्वभागीं दिसणाऱ्या एका रहिवाशानें पुढें सांगितलें कीं, बाटल्या गोळा करून मांडल्या व त्या मनुष्यास मुद्दाम बसविलें. ही साक्ष अनेक वर्षांनंतरची. तिच्यावरच सर्व भार टाकणें योग्य नव्हे. परंतु चित्र मांडून काढल्याचा आक्षेप त्याच वर्षीं ऑगस्टांत ‘लाइफ’नेंच छापलेल्या एका पत्रांतही आढळतो. म्हणून तो पक्ष आम्ही बळकट मानतों. आणि चित्र खरें धरलें, तरी एका मद्यप्यावरून हजारोंचें शील ठरत नाहीं.

पुढील भर तर उघड प्रक्षेप होय. १९५१ सालीं फ्रँक रूनी याची कथा ‘हार्पर्स’ मासिकांत आली. १९५३ सालीं तिच्यावरून ‘द वाइल्ड वन’ हा चित्रपट निघाला. त्यांतील कल्पित गांवाची दुर्दशा मागाहूनच्या कथनकारांनीं हॉलिस्टरच्या माथीं मारली. तसेंच, शेंकडा नव्याण्णव स्वार सज्जन असून एकच टक्का उपद्रवी, हें विधान अमेरिकेच्या मोटारसायकल संघाचें म्हणून सांगतात. खुद्द संघाच्या दप्तरांत त्याचा दाखला नाहीं. तरीही कित्येक मंडळांनीं ‘एक टक्का’ हें बिरुद जाकिटावर मिरविलें. तें बिरुद संग्राह्य खरें. पण तें नंतरच्या अभिमानाचा पुरावा आहे, १९४७ च्या घटनेचा नव्हे.

बखर व अस्सल पत्र यांत आपण जो भेद करितों, तोच येथें करावा. युद्धांतून परतलेल्या माणसांची अपकीर्ति या एका चित्रावर उभी राहिली. तें संग्रहीं ठेवणाऱ्यानें त्याच्या पाठीवर त्यावरील आक्षेपही नोंदून ठेवावा.