थिअरीच्या पेपराचं काय करायचं?

मागच्या महिन्यात आपल्या अभ्यासवर्गाला एक पोरगा आला होता. चित्रकलेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. हात असा की बघत राहावं. पण कलेच्या इतिहासाच्या पेपरात दोनदा गचकला आणि आता कॉलेज सोडतो म्हणतो. आपल्यातलेच दोघे-तिघे त्याला म्हणाले, "सोड रे, थिअरी बामणी असते. आपला हात हीच आपली थिअरी." टाळ्या पडल्या. मी गप्प बसलो. ते चुकलं, म्हणून हे लिहितोय.

मीही त्याच वाटेनं गेलोय. माझा बाप पाट्या रंगवायचा. चौदा एप्रिल जवळ आला की वस्तीतल्या भिंतीवर बाबासाहेब काढायचा. निळा कोट, हातात घटना, वर उचललेलं बोट. मी रंगाचा डबा धरायचो. कॉलेजात पहिल्या वर्षी मी तेच चित्र करून नेलं, तर मास्तर म्हणाले, "हे बॅनरचं काम. यात कला कुठाय?" मला उत्तर देता आलं नाही. हात होता, शब्द नव्हता. इतिहासाच्या तासाला नुसत्या राजांच्या आणि शैलींच्या याद्या. पुस्तकं इंग्रजीत. उतरवा, पाठ करा, पेपरात ओका. त्या पेपराचा मला राग होता आणि तो राग खोटा नव्हता.

पण राग कुणावर काढायचा, हे तपासलं पाहिजे. हातानं काम करणारा वेगळा आणि त्या कामाचा अर्थ सांगणारा वेगळा, ही वाटणी कुणी केली? जात ही नुसती कामाची वाटणी नाही, काम करणाऱ्या माणसांचीच वाटणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच मांडून ठेवलंय. "आपल्याला हात पुरे" असं म्हणणारा कार्यकर्ता नकळत तीच वाटणी मान्य करतो. मनूला याहून दुसरं काय हवं होतं?

आमचे मास्तर विष्णुधर्मोत्तर पुराणातलं चित्रसूत्र भक्तिभावानं शिकवायचे. मूर्ती कळायला चित्र कळावं लागतं, चित्राला नृत्य, नृत्याला वाद्य, वाद्याला गायन. एकेक कला दुसरीत गुंतलेली. विचार चांगला आहे, नाही म्हणत नाही. पण सांगणारा मार्कंडेय ऋषी आणि ऐकणारा वज्र राजा. छिन्नी धरणारा त्या संवादात कुठाय? हा प्रश्न विचारायचा तर ते पुस्तक वाचावंच लागतं. न वाचणाऱ्याच्या तोंडी फक्त शिवी उरते.

आता आपल्याच डोंगरांकडे बघा. पितळखोऱ्याच्या लेण्यात सापडलेल्या यक्षाच्या हातावर ब्राह्मी अक्षरं आहेत: कन्हदास सोनारानं केला. कर्जतजवळ कोंडाण्याला नाव आहे बालकाचं, कान्हाच्या शिष्याचं. कार्ल्याला दरवाजा करणारा धेनुकाकटचा सामी नावाचा सुतार. दोन हजार वर्षांपूर्वीच्या बौद्ध लेण्यांत कारागीर आपलं नाव दगडावर ठेवून गेले. ते अमुक जातीचे, आपलेच, असा दावा मी करत नाही. तसा खोटा इतिहास आपल्याला नको. पण काम करणाऱ्याला नाव होतं आणि ते लिहायची जागा होती, एवढं तर दगडच बोलतो. मी त्या लेण्यांत स्केचिंगला दोनदा गेलो होतो. अक्षरांना नक्षी समजून पुढे गेलो. हात सगळं उतरवत होता, डोळा आंधळा होता. पुढे इतिहास वाचला तेव्हा ती नावं भेटली.

म्हणून चित्र काढणाऱ्यानं त्याच इमारतीत इतिहास आणि समीक्षाही शिकावी, हे मला पटतं. बडोद्याला १९५० साली महाराजा सयाजीराव विद्यापीठात ललितकलेची विद्याशाखा निघाली ती असं शिक्षण घेऊन. तिथले के. जी. सुब्रमण्यन स्वतः चित्रं करत, शिकवत आणि कलेवर लिहीतही. हे तेच बडोदं, जिथे १९१७ साली बाबासाहेबांना राहायला जागा मिळाली नव्हती. पण अशा ठिकाणीही कारागिराचं कौतुक भरपूर होतं आणि तो त्या कामाला जन्मानं का बांधला गेला, हा प्रश्न मागे राहतो. तो आपण न्यायचा. नागपूरचे सवी सावरकर बडोद्याला शिकले. त्यांच्या चित्रांत गळ्यात मडकं अडकवलेला अस्पृश्य उभा राहतो. ते चित्र नुसत्या मनगटातून येत नाही. त्यामागे वाचलेला इतिहास आहे.

आणि लाजेची गोष्ट ऐका. आपल्या पुतळ्यांचा, भिंतींचा, तसबिरींचा विचार करणारा एक मोठा ग्रंथ २०१२ साली आला. संपादक अमेरिकन अभ्यासक गॅरी टार्टाकोव, भाषा इंग्रजी. आपल्या भिंतीचं सौंदर्यशास्त्र परदेशी माणूस लिहितो आणि आपण टाळ्या वाजवतो, थिअरी नको म्हणून!

पेपर आहे तसा चांगला आहे, असं मी म्हणत नाही. तो मराठीत शिकवा. दान कुणी दिलं, दगड कुणी फोडला, देवळात कुणाला शिरू दिलं नाही, हे प्रश्न त्यात घाला. संसदेच्या आवारात १९६७ साली बसलेला ब्रह्मेश वाघ यांचा बाबासाहेब आणि आमच्या गल्लीतला सिमेंटचा बाबासाहेब, दोन्ही अभ्यासक्रमात आणा. हे मागायला मोर्चा काढावा लागला तर काढू. पण मोर्चात बोलणारा तो पेपर पास झालेला असला पाहिजे.

बापाच्या भिंतीत कला कुठाय, याचं उत्तर आज मला देता येतं. ते बोट कुणाकडे आहे, ते चित्र देवळाऐवजी रस्त्यावर का आहे, कुणासाठी आहे, हे मी तासभर सांगू शकतो. बाप ऐकायला नाही. त्याला आयुष्यभर पेंटर म्हणाले, चित्रकार कुणी म्हणालं नाही.

त्या पोराला सांगा, कॉलेज सोडू नकोस. रविवारी संध्याकाळी विहारात ये, वही घेऊन. इंग्रजी पुस्तकाचं एकेक पान आपण मिळून मराठीत करू. टाळ्या वाजवणाऱ्यांनीही यावं.

जय भीम.