कंसातला जोडीदार : वनपट्ट्याचे एक वाचन

'काडीमोड' हा शब्द आपण घटस्फोटासाठी सहज वापरतो. पंचांसमोर काडी मोडली की नाते संपले, असा तो मुळातला व्यवहार. काडीचे दोन तुकडे होतात. नवरा-बायकोने मिळून कसलेल्या जमिनीचे काय होते, हे मात्र त्या शब्दात नाही. मी वकील नाही, प्राध्यापकही नाही. कविता वाचावी तसा सरकारी कागद थांबत थांबत वाचण्याची सवय तेवढी लागली आहे.

काही वर्षांपूर्वी मूल तालुक्यात एका बाईंनी प्लास्टिकच्या पिशवीतून वनहक्काचा पट्टा काढून माझ्यापुढे धरला. नवऱ्यापासून वेगळ्या होऊन त्या माहेरी राहत होत्या. पट्ट्यावर दोघांची नावे. बांधीत धान लावणारा एकटा तो. "भाऊ, नाव माझं आहे तर धान माझं का नाही?" त्यांच्या या प्रश्नाचे उत्तर शोधताना मी त्या कागदाचा वाचक झालो.

२००६ च्या वनहक्क कायद्याचे कलम ४(४) सांगते : हा हक्क वारसाने मिळेल, तो विकता किंवा हस्तांतरित करता येणार नाही, आणि हक्कधारक विवाहित असल्यास नोंद पती-पत्नी दोघांच्या नावे होईल. सातबाऱ्यावर बायकोचे नाव यावे म्हणून शेतकरी संघटनेला 'लक्ष्मीमुक्ती'ची मोहीम काढावी लागली होती. इथे ते कायद्यानेच दिले. हे कलमाचे मोठेपण निःसंशय आहे. नवरा एकट्याने जमीन विकून मोकळा होऊ शकत नाही, हेही.

पण पट्ट्याचा नमुना पाहा. पहिल्या रकान्यात हक्कधारकाचे नाव आणि पुढे कंसात 'जोडीदारासह'. व्याकरणात कंस काढला तरी वाक्य पूर्ण राहते. या एका चिन्हाने कलमाचे 'दोघे' पुन्हा 'एक आणि त्याच्यासोबतचे दुसरे' झाले. कलमाचीही मर्यादा आहे. ते विवाहिताची कल्पना करते, एकट्याची करते, वारसाचीही करते. वेगळे झालेल्यांची करत नाही. दोघांचा हिस्सा निम्मा-निम्मा, असेही ते म्हणत नाही.

मग इतर कायद्यांकडे जावे? हिंदू विवाह कायदा कलम २(२) मुळे अनुसूचित जमातींना, म्हणजे इथल्या गोंड, माडिया, कोलाम कुटुंबांना, केंद्राच्या अधिसूचनेशिवाय लागूच होत नाही. शेजारच्या बिगर-आदिवासी बाईला तो लागू आहे. पण त्याचे कलम २७ लग्नाच्या सुमारास भेट मिळालेल्या, दोघांच्या मालकीच्या वस्तूंपुरतेच बोलते. वीस वर्षे चिखलणी-रोवणी केलेली बांधी त्यात बसत नाही. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेमुळे वेगळा करार नसेल तर दांपत्याची मालमत्ता सामाईक धरली जाते. नवऱ्याच्या मालमत्तेत बायकोला वाटा देऊ पाहणारे विधेयक २०१३ मध्ये राज्यसभेत मंजूर झाले, आणि पुढच्या वर्षी लोकसभेच्या मुदतीबरोबर संपले.

या पोकळीत 'हस्तांतरित करता येणार नाही' हे शब्द बाईवरच उलटतात. जमीन विकता येत नाही, तशी वाटताही येत नाही, असा अर्थ लावला जातो. माझा आक्षेप या वाचनाला आहे. वाटणी म्हणजे हस्तांतरण नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६५ मध्ये एकत्र हिंदू कुटुंबाच्या संदर्भात म्हटले होते. तो निर्णय वनपट्ट्याला जसाच्या तसा लागू होतो, असा माझा दावा नाही. पण त्यामागचा विचार इथेही चालावा : जे आधीच दोघांचे आहे त्याची हद्द आखणे म्हणजे परक्याला देणे नव्हे. जुलै २०२५ मध्ये याच न्यायालयाने एका गोंड कुटुंबाच्या वारसाहक्काच्या खटल्यात, बाईला वगळणारी रूढी सिद्ध झालेली नसताना तिचा वाटा नाकारणे समतेच्या विरुद्ध ठरवले. तो प्रश्न लेकीचा होता. बायकोचा अजून उभा आहे.

दावे तपासणारी पहिली पायरी ग्रामसभा आहे आणि तिच्यात स्त्रियांचा पूर्ण सहभाग कायद्यानेच सांगितला आहे. मेंढा (लेखा)ने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवून दाखवले, की गावाने कायदा नीट वाचला तर जंगलाचा व्यवहार बदलतो. आता घरातला व्यवहारही वाचायला हवा. वेगळ्या झालेल्या बाईचा हिस्सा किंवा पिकातला वाटा ठराव करून लिहून ठेवता येईल. त्या ठरावाने कोर्टाचा निकाल होणार नाही, पण पुरावा राहील.

त्या बाईंना मी एवढेच सांगू शकलो : पट्टा जपून ठेवा, नाव कोणाला खोडू देऊ नका. उत्तर अपुरे होते. त्या कागदाइतकेच.