‘वातावरण’ म्हणजे नेमके काय? ‘स्टॉकर’च्या खेळाडूंची मते आणि एक समीक्षासंज्ञा

मराठी परीक्षणात ‘वातावरणनिर्मिती’ हा शब्द दिसला की मला थोडी शंका येऊ लागते. गूढकथासंग्रहाच्या परीक्षणात तो हमखास असतो. पडका वाडा, पाऊस, कंदील, लांबून येणारे कुत्र्याचे रडणे एवढा ऐवज जमला की परीक्षक हा शब्द लिहून मोकळा होतो आणि पुढच्या परिच्छेदात व्यक्तिचित्रणाकडे वळतो. लेखकाने नेमके काय केले, ते कशामुळे साधले, हे विचारायचे राहून जाते. शब्द प्रशंसेचा आहे, पण विश्लेषणातून पळवाट काढण्याच्या कामीही येतो.

हाच शब्द इंग्रजी वेषात, ‘ॲटमॉस्फिअर’ म्हणून, मला एका अगदी वेगळ्या वाचकवर्गात भेटला. हा वर्ग संगणकावर गेम खेळणाऱ्यांचा. गेले वर्षभर मी ‘स्टॉकर : शॅडो ऑफ चेर्नोबिल’ या गेमबद्दल खेळाडूंनी लिहिलेली मते वाचतो आहे, आणि ती नीट कळावीत म्हणून गेमही खेळलो आहे. मतांचा ढीग मोठा आहे, त्यात उथळ मजकूर भरपूर आहे. तरीही या लोकांनी ‘वातावरण’ हा शब्द आपल्या परीक्षकांपेक्षा अधिक काटेकोरपणे वापरला आहे, असे माझे मत झाले आहे. पुढचा सारा मजकूर त्या मताच्या समर्थनार्थ.

ज्यांचा या प्रकाराशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. या गेमला ‘फर्स्ट-पर्सन शूटर’ म्हणतात. मराठीत प्रथमपुरुषी नेमबाजी म्हणता येईल. पडद्यावर आपला चेहरा दिसत नाही, दिसतात फक्त आपले हात आणि हातातली बंदूक. प्रथमपुरुषी कादंबरीत ‘मी’ बोलत असतो, इथला ‘मी’ बहुधा गप्प असतो आणि फक्त पाहतो. ‘स्टॉकर’मधल्या ‘मी’ला तर स्वतःचे नावही आठवत नाही. प्रेते वाहून नेणाऱ्या ट्रकमधून तो जिवंत सापडतो, तेव्हा त्याच्याजवळच्या यंत्रात एकच कामगिरी नोंदलेली असते : स्त्रेलोक नावाच्या माणसाला ठार करणे. हा स्त्रेलोक तो स्वतःच असतो. २००७च्या गेमचे रहस्य फोडले म्हणून कुणी रागावू नये. खेळाडूंच्या मतांत या रहस्याचा उल्लेख फारसा येतच नाही, आणि ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

गेम तयार केला कीव्हच्या ‘जीएससी गेम वर्ल्ड’ने. २००१ मध्ये घोषणा झाली आणि बाजारात यायला मार्च २००७ उजाडला. मुळाशी आहे स्त्रुगात्स्की बंधूंची १९७२ची ‘रोडसाइड पिकनिक’ ही कादंबरी आणि तिच्यावरून तार्कोव्स्कीने १९७९ मध्ये केलेला ‘स्टॉकर’ हा चित्रपट. दोन्हींत एक निषिद्ध प्रदेश आहे, ‘झोन’. तिथे निसर्गनियम मोडलेले आहेत आणि तिथे चोरून जाणाऱ्यांना स्टॉकर म्हणतात. कादंबरीतला झोन काल्पनिक गावाशेजारी आहे, चित्रपटाचे चित्रीकरण एस्टोनियात झाले. २६ एप्रिल १९८६ रोजी चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली, दुसऱ्या दिवशी प्रिप्यात हे शहर रिकामे करण्यात आले, आणि युक्रेनमध्ये खराखुरा निषिद्ध प्रदेश तयार झाला. गेमच्या कर्त्यांनी कल्पित झोन उचलून या खऱ्या जागेवर आणून ठेवला. ते प्रत्यक्ष त्या परिसरात गेले, छायाचित्रे घेतली, इमारती हुबेहूब उतरवल्या. नकाशा मात्र त्यांनी आपल्या सोयीने आवळला.

आता मते. त्यांत तक्रारीचा सूर मोठा आहे. सुरुवातीचे पिस्तूल इतके निकामी की दहा पावलांवरचा माणूस चुकतो. बंदुका वापरून झिजतात आणि ऐन वेळी अडकतात. पन्नास किलोंवर ओझे झाले की धावताना लगेच दम लागतो, साठावर गेले की पाऊलच उचलत नाही. भूक लागते. जखम वाहत राहते, पट्टी बांधावी लागते. किरणोत्सर्गावर उपाय म्हणून व्होडका प्यावी लागते, मग पडदा डोलू लागतो. कुठे जायचे ते नीट सांगितले जात नाही. या सगळ्यावर तांत्रिक दोषांची भर : गेम मध्येच बंद पडतो, पात्रे भिंतीत अडकतात. पहिल्याच मोठ्या कामगिरीत, लुटारूंनी बळकावलेल्या वाहनतळावर, कितीतरी जणांनी गेम सोडून दिला आहे.

आणि मग येतो ‘पण’. ‘पण वातावरण!’ ही वाक्यरचना इतक्या वेळा भेटते की तिला या मतांचे ध्रुपदच म्हणावे. दोषांची यादी, ‘पण’, वातावरण. वरवर पाहता हा ताळेबंद आहे, एका बाजूला खर्च आणि दुसऱ्या बाजूला जमा. मला तो तसा वाटत नाही. तीच माणसे पुढे काय लिहितात ते पाहिले तर वातावरणाचा दाखला म्हणून ती ज्या गोष्टी सांगतात त्यांतल्या निम्म्या आधीच्या तक्रारींच्या यादीतल्याच असतात. अडकलेली बंदूक. काळोखात संपत आलेल्या गोळ्या. कुठे आलो आहोत ते न कळणे. थोडक्यात, या जगाला आपली पर्वा नाही. खेळाडू ज्याबद्दल कुरकुरतो त्याच गोष्टीला तो दाद देतो आहे, आणि त्याचा ‘पण’ व्याकरणातच राहतो.

मतांत वारंवार येणारी एक जागा म्हणजे ‘एक्स-१८’ ही भूमिगत प्रयोगशाळा. आकडी कुलपांचे दरवाजे, विजेरीचा अरुंद झोत, गंजलेल्या नळांचे कण्हणे. बराच वेळ गोळी झाडण्यासारखे समोर काही येत नाही. मग एखादे खोके आपोआप उचलले जाते आणि अंगावर फेकले जाते. फेकणारा दिसत नाही. नेमबाजीच्या खेळात नेम धरायला काही न देणे हा व्यवसायाशी द्रोहच, पण खेळाडूंना अनेक वर्षांनी आठवतो तो हाच भाग. पुढे जे राक्षस भेटतात त्यांचे वर्णन करताना हीच मते एकदम थंड पडतात.

आपल्याकडच्या रसचर्चेची इथे मदत होते. भयानक रसात ज्याचे भय वाटते तो आलंबन विभाव, आणि भय वाढवणारी परिस्थिती, म्हणजे काळोख, निर्जन जागा, आवाज, हा उद्दीपन विभाव. नेहमीच्या शूटरमध्ये वाटणी स्वच्छ असते : शत्रू आलंबन, परिसर उद्दीपन. मराठी परीक्षक ‘वातावरणनिर्मिती’ म्हणतो तेव्हा त्याला बहुधा उद्दीपनाची सजावटच अभिप्रेत असते. ‘एक्स-१८’मध्ये आलंबनाची जागा रिकामी ठेवली आहे आणि उद्दीपन त्या जागेवर येऊन बसले आहे. वातावरण कथेच्या मागे न राहता स्वतःच भयाचा विषय होते. स्त्रेलोकचे रहस्य खेळाडूंच्या मतांतून का गळते, याचे उत्तरही मला इथेच सापडते.

मात्र भयाने सगळे वातावरण व्यापलेले नाही. या गेममध्ये शेकोट्या आहेत. भोवती तीन-चार स्टॉकर बसलेले असतात, एकजण गिटार वाजवतो, दुसरा विनोद सांगतो, बाकीचे हसतात. आपण बंदूक उगारून जवळ गेलो तर ती खाली करायला सांगतात. त्यांच्याकडून काही मिळवायचे नसते, कथा पुढे सरकत नाही. टेकडीपलीकडे गोळीबार ऐकू येतो. जाऊन पाहावे तर लढाई संपलेली, गवतात दोन प्रेते. कुणी कुणाला का मारले हे कधीच कळत नाही. यामागे ‘ए-लाइफ’ नावाची यंत्रणा आहे. खेळाडू जिथे नाही तिथेही पात्रांचे आणि श्वापदांचे येणे-जाणे, झुंजणे, मरणे ती ढोबळमानाने चालू ठेवते. मूळ मनसुबा याहून धाडसी होता : खेळाडूच्या आधी दुसराच एखादा स्टॉकर शेवटापर्यंत पोहोचू शकेल असा. प्रत्यक्षात ही यंत्रणा बरीच छाटली गेली, तरी जे उरले तेवढ्याने काम केले.

आपल्याशी ज्याचे देणेघेणे नाही असे काहीतरी सतत चालू असणे, याला खेळाडू वातावरण म्हणतात, असे या मतांवरून दिसते. हे मत पारखून पाहायची संधी पुढच्या इतिहासाने दोनदा दिली. २००९चा ‘कॉल ऑफ प्रिप्यात’ तांत्रिकदृष्ट्या पहिल्यापेक्षा कितीतरी नीटनेटका. वाटाड्याला पैसे दिले की तो इच्छित ठिकाणी पोहोचवतो, कामे स्पष्ट, दोष कमी. खेळायला तो सर्वांत चांगला हे मानणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांतलेच अनेकजण पुढे लिहितात की वातावरण पहिल्याचेच. परीक्षकांनी असा भेद केला असता तर आपण त्याला सूक्ष्म म्हटले असते.

दुसरी संधी नोव्हेंबर २०२४ची. ‘स्टॉकर २ : हार्ट ऑफ चोर्नोबिल’ आला आणि पहिल्या दोन दिवसांत दहा लाख प्रती खपल्या. चित्रे देखणी. गवत, वादळ, ओल्या भिंती, उद्दीपनाची सामग्री म्हणाल तर पहिल्याच्या दसपट. तरीही काही दिवसांत तक्रार सुरू झाली की ‘ए-लाइफ’ कुठे आहे? रिकाम्या माळावर खेळाडू वळून पाहतो तर पाठीमागे वीस पावलांवर शत्रू अचानक उगवलेले. म्हणजे दूरवर काही चालू नव्हते. आपण आलो म्हणून जग मांडले गेले. कर्त्यांनी दोष मान्य केला आणि डिसेंबरपासून दुरुस्त्या देऊ लागले. मला यात विलक्षण वाटते ते असे की खेळाडू एका न दिसणाऱ्या गोष्टीच्या अभावाची तक्रार करत होते. डोंगरापलीकडे कुणी नाही, हे त्यांना डोंगराच्या अलीकडूनच कळले. कादंबरीचा वाचक दुय्यम पात्र केवळ नायकासाठी जन्माला घातले आहे हे ओळखतो, त्याच जातीची ही जाण आहे.

एक मात्र मान्य केले पाहिजे : ‘वातावरण’ सगळ्यांचे एकच नाही. पश्चिमेकडच्या खेळाडूंना जे परके, भारलेले वाटते – काँक्रीटच्या फळ्यांचे कुंपण, रंगीत फरशीचा बसथांबा, गंजलेला झोपाळा – ते पूर्व युरोपात वाढलेल्यांना आपल्या वस्तीसारखे दिसते. एकाला गूढ, दुसऱ्याला बालपण. भिंत तीच.

आणि या भिंतीवरून अलीकडे भांडण झाले आहे. २००७च्या इंग्रजी आवृत्तीत मुख्य संवाद इंग्रजीत केले होते, शेकोटीवरचे विनोद आणि लुटारूंच्या आरोळ्या मात्र रशियनच राहिल्या. ‘चिकी-ब्रिकी’ ही आरोळी जगभरच्या खेळाडूंना पाठ आहे, अर्थ फार थोड्यांना ठाऊक. न कळणारी भाषा हा वातावरणाचा मोठा भाग झाला. विनोद आपल्यासाठी नव्हतेच. मग २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने आक्रमण केले आणि त्याच दिवशी रशियन सैन्याने खरा चेर्नोबिल ताब्यात घेतला, मार्चअखेर सोडला. कंपनीतले काहीजण प्रागला गेले, काही युक्रेनमध्येच राहिले, काही सैन्यात दाखल झाले. ‘क्लिअर स्काय’ या दुसऱ्या भागावर काम केलेले व्होलोदिमिर येझोव्ह डिसेंबर २०२२ मध्ये बाखमुतजवळच्या लढाईत मारले गेले. नव्या गेमच्या नावात ‘चेर्नोबिल’चे ‘चोर्नोबिल’ झाले, रशियनऐवजी युक्रेनियन उच्चार. त्यात रशियन भाषा ठेवलेली नाही. २०२५ मध्ये जुन्या तिन्ही गेमच्या सुधारित आवृत्त्या आल्या, त्यांतून रशियन आवाज गेले आणि सोव्हिएत चिन्हेही.

बऱ्याच खेळाडूंनी नापसंती नोंदवली, आणि त्यांचा मुद्दा पुन्हा वातावरणाचाच होता. काहींनी कलेत राजकारण आणू नये असेही सुनावले. हे दुसरे म्हणणे मला पटत नाही. सोव्हिएत राजवटीने अपघाताची बातमी दडपली, ती जागा ओसाड झाली, आणि त्या ओसाडीचे वातावरण आपल्याला आवडले. त्यात राजकारण पहिल्या दिवसापासून आहे. ज्यांच्या सहकाऱ्याला रणांगणावर मरण आले त्यांनी शेकोटीवर कोणती भाषा ठेवावी हे तिऱ्हाइताने शिकवू नये.

पण ऐकणाऱ्याचा कानही खोटा नाही. पूर्वी त्या शेकोटीशी माणसे आपसांत बोलत होती आणि आपण पलीकडून ऐकत होतो. आता आवाज बदलले. मुद्दाम काढलेली जागा मुद्दाम काढलेली म्हणूनच ऐकू येते, निदान जुना आवाज ज्याच्या कानात आहे त्याला. २०२४च्या गेमपासून ज्यांनी सुरुवात केली त्यांना युक्रेनियन शेकोटी उपरी वाटत नाही. उलट, गेम इंग्रजीत खेळू नका, युक्रेनियन आवाज लावा आणि अक्षरे वाचा, असा सल्ला ते नवख्यांना देतात. त्यांनाही ते विनोद कळत नाहीतच.