सुरकोटड्याचा घोडा : अस्थी आणि शब्द

कच्छमधील सुरकोटडा या हडप्पाकालीन स्थळाचे उत्खनन जगत्पती जोशी यांनी १९७१-७२ मध्ये केले. तेथील अस्थींत घोड्याचे अवशेष असल्याचे ए. के. शर्मा यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केले. हंगेरीचे अस्थितज्ज्ञ शांडोर बोकोन्यी यांनी पुढे त्यास दुजोरा दिला; त्यांचा लेख मरणोत्तर, १९९७ मध्ये छापला गेला. त्याच अंकात रिचर्ड मेडो व अजिता पटेल यांनी त्यावर आक्षेप नोंदविले. आर्यभाषांच्या आगमनाविषयीच्या वादात हा पुरावा वारंवार पुढे केला जात असल्याने भाषाभ्यासकानेही त्याची चिकित्सा करणे अगत्याचे आहे.

घोडा, गाढव व रानगाढव यांचे सांगाडे परस्परांशी फार मिळतेजुळते असतात. त्यामुळे दाढांवरील दंतवल्काच्या घड्या, पटाशीचे दात आणि पायाच्या बोटांची हाडे यांची ठेवण व मापे यांवरच निर्णय करावा लागतो. बोकोन्यी यांनी हीच लक्षणे प्रमाण मानली. मेडो व पटेल यांच्या मते ती मोठ्या रानगाढवाचीही असू शकतात. कच्छच्या छोट्या रणात रानगाढव आजही आढळते, हे ध्यानी घेता हा आक्षेप अप्रस्तुत ठरत नाही. गुजरातीत त्यास ‘घुडखर’ म्हणतात. घोडा आणि खर ही दोन्ही नावे ज्याच्या एका नावात नांदतात, त्याच्या तुटक्या दाताने तज्ज्ञांस पेचात पाडावे, यात नवल नाही.

तथापि खरा दोष पुढच्या पायरीवर आहे. संस्कृत ‘अश्व’, अवेस्ती ‘अस्प’ व लॅटिन ‘इक्वुस्’ हे शब्द एकाच मूळ शब्दापासून आले आहेत, हे ध्वनिनियमांनी सिद्ध होते. परंतु शब्दाचे नाते सिद्ध झाले म्हणून कोणत्याही एका गावातील रहिवाशांची भाषा सिद्ध होत नाही. घोडा व्यापाराने येऊ शकतो. धन्याची भाषा त्याच्या हाडांवर कोरलेली नसते. उलटपक्षी, एखाद्या स्थळी घोडा न सापडणे हा तेथे आर्यभाषा नव्हती याचा पुरावा नव्हे. शिवाय शब्दांचे अर्थही पालटतात : वेदकाळी कोणत्याही वन्य पशूस लागणारा ‘मृग’ हा शब्द मराठीत हरणापुरता उरला.

म्हणून अस्थितज्ज्ञाने मापे व छायाचित्रे यांसह आपला निर्णय मांडावा, म्हणजे इतरांस तो पडताळता येईल. आणि भाषाभ्यासकाने त्या निर्णयातून प्राण्याच्या ओळखीपलीकडचे काही वसूल करू नये. सुरकोटड्याचा प्राणी घोडा ठरो वा रानगाढव. तेथील माणसे कोणती भाषा बोलत होती, हा प्रश्न त्याने सुटणार नाही.