रहस्यपट कोणासाठीं?

रहस्यपट काढूं पाहणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांना त्यांचा प्रेक्षक कोण म्हणून विचारावें, तर ते चटकन् 'तरुण' असें सांगतात आणि पिस्तूल कोठें मिळेल या चिंतेला लागतात. वय म्हणजे रुचि नव्हे! अशांनीं ख्रिस्तोफर नोलन यांचा 'फॉलोइंग' (१९९८) अवश्य पाहावा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांत इंग्रजी वाङ्मय शिकलेल्या या दिग्दर्शकाचा हा पहिला दीर्घ चित्रपट. शिक्षण संपल्यावरचा खरा, पण रीत विद्यार्थ्यांचीच. नोकऱ्या सांभाळून मित्रमंडळी शनिवारीं जमे; चित्रण सुमारें वर्षभर चाललें. फिल्म महाग, म्हणून नाटकासारख्या कसून तालमी घ्यावयाच्या आणि एकदोन खेपांतच प्रवेश उरकावयाचा. रंग नाहींत, उजेड बहुधा खिडकींतून येईल तेवढाच.

अनोळखी माणसांच्या मागें हिंडणारा एक बेकार लेखक एका चोराच्या जाळ्यांत सांपडतो, एवढीच गोष्ट. पण तिचा काळ तोडून उलटसुलट जोडला आहे. सुजलेला चेहरा आधीं दिसतो, मार मागाहून! तुकडे जुळविण्यांत ज्याला गोडी आहे, तोच या चित्रपटाचा प्रेक्षक; आणि सॅन फ्रान्सिस्कोसारख्या महोत्सवांतून तो त्याला भेटलाही. पिस्तुलाच्या आवाजानें जमणाऱ्या गर्दीची मनधरणी येथें कोणीं केलेली नाहीं.

नायिका मात्र कथानकाच्या सोयीपुरतीच आहे. इतक्या हुशार मांडणींत हें एक माणूस कागदाचेंच राहिलें, ही उणीव आम्हांस दुसऱ्यांदा पाहतांना अधिकच जाणवली.